'सन ऑफ जेरोनिमो'चे 15 भाग: दाखवायचे कसे, बघायचं काय

प्रश्न थोडक्यात असा. फिल्म क्लबात 'सन ऑफ जेरोनिमो' ही 1952 ची वेस्टर्न चित्रपटमालिका दाखवायची आहे. सलग लावली तर तिसऱ्या भागातच जांभया येतात. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरतो आणि पुढच्या भागात चक्क फसवून जिवंत होतो. शिवाय यातले अपाची, म्हणजे जेरोनिमो ज्यांचा म्होरक्या होता ते अमेरिकेतले मूळनिवासी, खरे किती आणि खोटे किती, हेही प्रेक्षकांना सांगायचं आहे. तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: पैसे वाचवण्यासाठी मारलेले जोड, म्हणजे जुन्या-नव्या तुकड्यांची ठिगळं. ते दिसायला लागले की मालिका कंटाळवाणी राहत नाही.

आधी ओळख. निर्मिती कोलंबिया या हॉलिवूड स्टुडिओची, निर्माता सॅम काट्झमन, दिग्दर्शक स्पेन्सर गॉर्डन बेनेट. बेनेट मूकपटांच्या काळापासून मालिकाच करत आलेला माणूस. नायक जिम स्कॉटच्या भूमिकेत क्लेटन मूर. मुखवटाधारी 'लोन रेंजर' म्हणून टीव्हीवर गाजलेला हा नट तेव्हा त्या कार्यक्रमातून बाहेर होता, म्हणून इथे तो मुखवट्याशिवाय दिसतो. अपाचींचा म्होरक्या पोरिको म्हणजे रॉड रेडविंग. कथा सरळ आहे. वसाहतवाले गोरे आणि अपाची यांच्यात युद्ध पेटलंय, जिम स्कॉट समेट घडवू पाहतोय, आणि गोऱ्या बदमाशांची एक टोळी दोन्हीकडे काड्या लावून स्वतःची तुंबडी भरतेय. 15 भागांत याहून जास्त कथा नाही आणि अपेक्षितही नव्हती.

कंटाळ्याचं म्हणाल, तर ही सलग पाहायची वस्तूच नाही. थिएटरात आठवड्याला एक भाग लागायचा, बहुधा शनिवारच्या मुलांच्या खेळाला. प्रत्येक भाग दोन रिळांचा, पहिला बहुधा तीन रिळांचा, कारण पात्रांची ओळख करून द्यायची असते. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी येतात आणि सेकंदाला 24 चौकटी जातात, म्हणजे मिनिटाला 90 फूट. 1000 फुटांचं रीळ 11 मिनिटांच्या आसपास चालतं. पण दोन्ही रिळं काठोकाठ भरलेली नसत, त्यामुळे भाग साधारण 15 ते 18 मिनिटांत आटोपतो. त्यातलं सुमारे एक मिनिट नामावलीत जातं आणि दोनेक मिनिटं 'मागच्या भागात काय झालं' आणि मागच्या शेवटाची उजळणी यात. नवा मजकूर उरतो ढोबळमानाने 12 ते 15 मिनिटं. सात दिवसांनी येणाऱ्या पोराला ही उजळणी हवीच असते. सलग बघणाऱ्याला मात्र तेच दृश्य दहा मिनिटांत दुसऱ्यांदा गिळावं लागतं.

म्हणून सर्वांत चांगला मार्ग जुनाच: क्लबच्या मुख्य चित्रपटाआधी एक भाग, 15 आठवडे. तेवढी सवड नसेल तर एका बैठकीला जास्तीत जास्त तीन भाग लावा आणि मध्ये पाच मिनिटं दिवे लावा. वेळ वाचवायला नामावल्या काढल्यात तरी चालेल, पण उजळणीतला मागच्या शेवटाचा तुकडा कापू नका. खरी मजा त्याच तुकड्यात आहे. मालिका कापून दीड तासाचा सलग चित्रपट करण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. तशी आवृत्ती मिळाली तरी घेऊ नका, कारण त्यात नेमके जोडच घासून काढलेले असतात.

आता 'चीटिंग'. भागाचा शेवट सोडवण्याचे प्रकार मोजकेच असतात. एक, बाहेरून मदत येते. दोन, नायक सरळ मार खातो, कपडे झटकतो आणि उठतो. छप्पर कोसळलं, धूळ बसली, स्वारी उभी. हा प्रकार कोलंबियाच्या मालिकांत फार, आणि सर्वांत आळशी. तीन, शेवटच्या क्षणी एक शॉट लपवून ठेवलेला असतो. चार, शेवट आणि पुढची सुरुवात एकमेकांना उघड खोटं पाडतात. लोकांना राग येतो तो चौथ्याचा, पण कारागिरी बघायची ती तिसऱ्याची.

गाडी कड्यावरून जाण्याचं दृश्य घ्या. शेवट असा बांधतात: धावत्या घोड्यांचा लांबचा शॉट, नायकाचा चेहरा, गाडीचं चाक, कड्याची कड, पुन्हा चेहरा, आणि गाडी दरीत. पुढच्या भागात तेच शॉट त्याच क्रमाने येतात. फक्त दुसऱ्या चेहऱ्यानंतर आणि गाडी पडण्याआधी एक तुकडा घुसवलेला असतो, ज्यात नायक बाजूला उडी मारतो. हा तुकडा दोन सेकंदांचा, म्हणजे 48 चौकटी, म्हणजे जेमतेम तीन फूट फिल्म. आठवड्यापूर्वी पाहिलेल्याला तो 'तेव्हाच होता, आपल्या लक्षात आला नाही' असं वाटायचं. तुमच्याकडे थांबवण्याचं बटण आहे. शेवटचे दहा कट कागदावर उतरवा, पुढच्या भागाची सुरुवात लावून त्यावर खुणा करत जा. वाढलेला शॉट लगेच सापडतो. मग एवढंच बघा: मूळ शेवटात या शॉटसाठी जागा होती का? दोन कटांमध्ये सेकंदा-दोन सेकंदांची फट असेल आणि उडी त्यात बसत असेल, तर शेवट प्रामाणिक. मूळ भागात गाडी कलंडताना नायक बसलेला स्पष्ट दिसत असेल, तर लबाडी. प्रेक्षकांना कौल द्यायला लावा, सभागृह जागं होतं.

गाडीच्या दृश्यात आणखी एक जोड असतो. घोडे दरीत जाऊ नयेत म्हणून गाडीचा दांडा एका खिळीवर अडकवलेला असतो. कड्याच्या थोडं आधी दोरीने ती खिळी ओढली की घोडे दांड्यासकट एका बाजूला सुटतात आणि रिकामी गाडी स्वतःच्या वेगाने पुढे जाते. संकलकाने कट वेळेवर मारला नाही तर घोडे सुटताना दिसतात. तसंच हाकणाऱ्याच्या जागी कधी कपडे घातलेला बाहुला असतो, आणि गाडी कलंडली की त्याचे हात नको तिकडे वळतात.

घोडा पडतो ते दृश्य मुलांसमोर दाखवण्याआधी स्वतः बघून ठेवा. 1930 च्या दशकापर्यंत 'रनिंग डब्ल्यू' नावाची युक्ती सर्रास वापरत. पुढच्या दोन्ही पायांना तारा बांधायच्या, त्या पोटपट्ट्याच्या कडीतून ओवून मागे जमिनीत पुरलेल्या खुंट्याला जोडायच्या. घोडा भरधाव सुटला की तार संपते, पुढचे पाय एकदम ओढले जातात आणि जनावर तोंडावर कोलांटतं. कितीतरी घोडे यात मेले. 1939 च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात टाकलेला घोडा मेला तेव्हा ओरड झाली, आणि 1940 पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राण्यांच्या हितासाठी झटणाऱ्या संस्थेची देखरेख सुरू झाली. नंतर शिकवलेले घोडे आले: स्वार लगामाने मान एका बाजूला खेचतो, घोडा कुशीवर पडतो, आणि पडायच्या जागी जमीन खणून भुसभुशीत केलेली असते. फरक डोळ्यांना कळतो. मान आधी वळली आणि घोडा कुशीवर आला, तर शिकवलेला. मान सरळ असताना पुढचे पाय एकत्र आखडले आणि तो डोक्यावरून गेला, तर तार. 1950 च्या दशकातल्या मालिकेत असं पडणं दिसलं की तो तुकडा बहुधा जुन्या चित्रपटातून उचललेला असतो.

'स्टॉक फुटेज' म्हणजे हेच. मोठा हल्ला, जनावरांचा लोंढा, गाड्यांचा तांडा ही महागडी दृश्यं. ती एकदा चित्रित झाली की स्टुडिओच्या कपाटात जातात आणि पुढची 15-20 वर्षं पुरतात. टीव्ही आल्यावर मालिकांचं उत्पन्न आटत गेलं, तशी कपाटावरची भिस्त वाढली. 1956 ची 'ब्लेझिंग द ओव्हरलँड ट्रेल' ही अमेरिकेतली शेवटची थिएटर-मालिका, काट्झमन आणि बेनेट यांचीच. तिच्यात 1939 च्या 'ओव्हरलँड विथ किट कार्सन'मधली दृश्यं भरपूर आहेत आणि नव्या नटांना जुन्याशी जुळणारे कपडे चढवलेत. कपडे फुटेजवरून ठरत, कथेवरून नाही.

उचललेलं दृश्य ओळखायला मी तरी सावली आणि कण (फिल्मवरचे बारीक ठिपके) बघतो. जुना तुकडा निगेटिव्हची प्रत, तिची पुन्हा प्रत असा आलेला असतो, त्यामुळे काळं-पांढरं जास्त टोकाचं आणि कण जाड. लांबच्या शॉटमध्ये सावल्या लांबलचक, जवळच्या शॉटमध्ये भर दुपारच्या. लांबून 60 घोडेस्वार, जवळून तेच पाच. ढग एका कटात येतात, दुसऱ्यात जातात. हल्ल्याच्या दृश्यात हे हमखास सापडतं.

नायकाचे कपडे सगळ्या भागांत तेच का? चित्रीकरण भागांच्या क्रमाने होत नाही. एका खडकाळ जागी घडणारे सगळे प्रसंग, मग ते दुसऱ्या भागातले असोत की तेराव्या, एकाच फेरीत उरकतात. शर्ट बदलला तर जुळवाजुळव बिघडते आणि आधीच्या भागाचा तुकडा नंतर वापरता येत नाही. हाणामारीत टोपी डोक्यावरून पडत नाही तेही मुद्दाम, कारण टोपीखाली नटाच्या जागी मार खाणारा डबल असतो. कॅमेरा 24 ऐवजी 20 चौकटींवर चालवला की मारामारी दीडपट नाही तरी एक पंचमांश जलद दिसते. त्यामुळे धूळ विचित्र लवकर खाली बसते, लक्ष ठेवा. टेबलं बाल्सा लाकडाची. बंदुकीत गोळी नसलेली, नुसता बार काढणारी काडतुसं, त्यातलं 'फाइव्ह-इन-वन' नावाचं एकच काडतूस तीन जातींच्या पिस्तुलांना आणि दोन जातींच्या रायफलींना चालायचं, म्हणून सेटवर पेटी एकच पुरे. रायफल बहुतेक वेळा विंचेस्टरचं 1892 चं मॉडेल असते. जेरोनिमो शरण आला 1886 मध्ये, तेव्हा ती बंदूक जन्मलीच नव्हती.

इथून अपाचींकडे येऊ. एका भागाच्या नावातच पेटलेला 'टीपी' तंबू आहे. टीपी हा मुख्यतः सपाट गवताळ मैदानांवरच्या जमातींचा. पूर्वेकडच्या काही अपाची गटांनी, उदाहरणार्थ हिकारियांनी, तो वापरला हे खरं. पण जेरोनिमो चिरिकाहुआ अपाची, त्यांतल्या बेडोनकोहे गटाचा. त्यांचं घर म्हणजे 'विकीअप': वाकवलेल्या फांद्यांचा घुमट, वरून गवत-झुडपं, पावसात कातडी. तीच गोष्ट पिसांच्या लांबलचक शिरोभूषणाची, तेही मैदानी जमातींचं. चिरिकाहुआ माणूस डोक्याला कापडी पट्टी, खांद्यापर्यंत मोकळे केस, सुती शर्ट, लांब लंगोट आणि गुडघ्यापर्यंत येणारे, टोकाला वर वळलेले कातडी बूट अशा वेशात असे. निवडुंगाच्या मुलखात तो बूट जीव वाचवायचा. हॉलिवूडमध्ये मात्र भाड्याच्या कपड्यांचं दुकान आणि फुटेजचं कपाट दोन्ही पिसांनी भरलेली, म्हणून सगळ्या जमाती सारख्याच. रॉड रेडविंगही अपाची नव्हता. पिस्तूल झटकन उपसण्यात तो वाकबगार होता आणि नटांना ते शिकवायचा.

गाड्यांचं रिंगण आणि भोवती गोल गोल फिरणारे घोडेस्वार, हे तर निव्वळ कॅमेऱ्यासाठी. सरळ चाल करून येणारा स्वार पाच सेकंदांत चौकटीबाहेर जातो. गोल फिरवला तर बाराजण पन्नास वाटतात आणि एकेकाला पाडता येतं. आडोशाला बसलेल्या बंदूकधाऱ्यांसमोर उघड्यावर चकरा मारणं ही अपाचींच्या दृष्टीने शुद्ध आत्महत्या. त्यांची पद्धत उलटी: लहान टोळी, खडकांमागे पायी दबा, जनावरं पळवणं, आपला एकही माणूस न गमावता पसार होणं. 1886 मध्ये जेरोनिमोबरोबर बायका-मुलं धरून चाळिसाच्या आतच माणसं उरली होती आणि त्यांच्यामागे सुमारे 5000 अमेरिकन सैनिक होते. शोध लागला तोही मुख्यतः सैन्यातल्या अपाची वाटाड्यांमुळे. मालिकेत हे वाटाडे जवळजवळ नसतातच, कारण मग कोण कोणाच्या बाजूचा हे पोरांना कळेना.

पोरिको, म्हणजे मालिकेच्या नावातला 'जेरोनिमोचा मुलगा', हे पात्र बनावट. जेरोनिमोचा चॅपो नावाचा मुलगा बापाबरोबर लढला, कैदेत गेला आणि 1894 मध्ये वारला. दुसरा, रॉबर्ट, 1889 मध्ये जन्मला आणि 1966 पर्यंत जगला. म्हणजे पोस्टरवर 'जेरोनिमोचा मुलगा' झळकत होता तेव्हा खराखुरा मुलगा न्यू मेक्सिकोत मेस्कालेरोच्या राखीव मुलखात हयात होता. चिरिकाहुआ 1886 पासून 1913 पर्यंत, 27 वर्षं, युद्धकैदी होते; जेरोनिमो 1909 मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर कैदेतच वारला. पंधराव्या भागाचं नाव 'पीस ट्रीटी' आहे. ते लावण्याआधी ही तीन वाक्यं सांगून टाका.

पण या मालिकेला एका बाबतीत श्रेय द्यायला हवं. काड्या लावणारी गोऱ्यांची टोळी हा सोयीचा ठोकळा वाटतो, कारण त्यामुळे नायकाला अपाचींशी कायमचं वैर धरावं लागत नाही. तरी ठोकळ्याच्या मुळाशी खरा इतिहास आहे. सैन्याला धान्य, मांस, चारा पुरवणाऱ्या ठेकेदारांना युद्ध चालू राहण्यात फायदा होता. अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहरातल्या अशा व्यापाऱ्यांच्या कंपूला 'टुसॉन रिंग' म्हणत. मार्च 1886 मध्ये मेक्सिकोतल्या कान्यॉन दे लोस एम्बुदोस इथे जेरोनिमोने अमेरिकन सैन्याच्या जनरल क्रूकपुढे शरणागती कबूल केली. त्यानंतर ट्रिबोलेट नावाच्या दारूविक्याने त्याच्या माणसांना व्हिस्की विकली आणि सीमा ओलांडलीत की तुम्हाला मारतील अशी भीती घातली. जेरोनिमो काही जणांना घेऊन रातोरात निसटला. क्रूकने पद सोडलं, त्याच्या जागी जनरल माइल्स आला, आणि युद्ध सप्टेंबरपर्यंत लांबलं. त्या बोलणीच्या वेळी छायाचित्रकार सी. एस. फ्लायने काढलेले फोटो उपलब्ध आहेत, आणि अजून शरण न आलेल्या अपाचींचे ते दुर्मीळ फोटो आहेत. मालिकेतल्या वेशभूषेशेजारी त्यातला एक पडद्यावर ठेवा, दहा मिनिटांचं भाषण वाचेल.

मुंबईचा धागा हवा असेल तर तोही ओढूनताणून आणायला नको. असल्या अमेरिकन मालिका मूकपटांच्या काळात मुंबईत जोरात चालत, आणि त्या बघत वाढलेल्या वाडिया बंधूंनी 1935 मध्ये 'हंटरवाली' काढला. त्याची नायिका नादिया हिच्या घोडदौडी आणि आगगाडीच्या छपरावरच्या मारामाऱ्या याच शाळेतल्या. क्लबात जोडीला तो दाखवता आला तर उत्तम.

शेवटी यंत्राचं, कारण तिथेच बहुतेक खेळ बिघडतात. चित्राचं प्रमाण 1.37 ला 1. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. पडदा भरायला चित्र ताणलंत तर घोडे जाडे होतात आणि वरून कापलंत तर टोप्या जातात. युरोपीय डिस्क 25 चौकटींवर धावते, त्यात 16 मिनिटं 40 सेकंदांचा भाग बरोबर 16 मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित वर चढतो. पर्याय असेल तर 24 चौकटींची फाइल घ्या. घोडदौडीत आडव्या दातऱ्या दिसल्या तर प्लेअरमधलं डीइंटरलेसिंग चालू करा. रात्रीचे प्रसंग भर उन्हात लाल फिल्टर लावून, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप उतरवून घेतलेले असतात. स्वस्त प्रत करणारा ते 'अंधारलेलं' समजून उजळवतो आणि मध्यरात्रीचा चोर ठळक सावलीसकट दुपारी फिरताना दिसतो. अशा वेळी प्रोजेक्टरचा ब्राइटनेस न छेडता गॅमा (मधल्या करड्या छटांचा उजेड) थोडा उतरवा, नाहीतर दिवसाचे प्रसंगही मळकट होतील. आवाज मोनो आहे, तेव्हा मधल्या स्पीकरवरच सोडा. पार्श्वसंगीत आणि टापा संवाद गिळत असतील तर खालचे सूर जरा कमी करा. प्रत कुठूनही मिळवा, पण सार्वजनिक खेळाची परवानगी लेखी मागून घ्या. घरी बघायला घेतलेल्या डिस्कवर ती आपोआप येत नाही, आणि तिकीट फुकट ठेवलं म्हणूनही येत नाही.